मदीनाबीची वाटी

पिलू परत ओकलं. बिलकीसनं त्याचं तोंड पुसलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सकाळी तर पेज बराबर पोटात टिकली होती मेल्याच्या!

त्या साली हट्टा गावात मांजरांची साथ आली होती. ओकाऱ्या, हगवण अन् बघता बघता खेळ खलास. बिलकीसची मांजर गेली, पाठोपाठ पिलं गेली. उरलं हे एवढं एक करडं पिलू. निजामाच्या राज्यात गुरांचा डाक्टर वसमतला बसायचा, पण मांजर घेऊन गेलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पिलं पुरली त्या लिंबाखाली आता आणखी खड्डा खणायचा नाही, हे मात्र तिनं ठरवून टाकलं होतं. आधीची पिलं दूध प्याली की आडवी व्हायची, हे तिनं डोळ्यानं पाहिलेलं. म्हणून ह्याला दूध बंद. नुसती मिठाची पेज, कापसाच्या बोळ्यानं, थेंब थेंब. पिंजाऱ्याच्या घरी कापसाला काय तोटा!

"फेकून दे ते," तिचा नवरा जहांगीर पिंजता पिंजता ओरडला. "सारा कापूस नासून राहिलं."

"उंदरं तुमची तात कुरतडतेत तवा मांजर आठवते व्हय!" बिलकीस फणकारली. पिंजायच्या धनुकलीला आतड्याची तात ताणलेली असते आणि उंदरं तिच्यावर टपलेलीच असतात.

ती पिलावर वाकली अन् थबकली. मिशांना दुधाचा वास! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुलीपाशी सासू मदीनाबी पदराखाली वाटी लपवत होती.

"अम्मा! किती डोकं फोडू तुमच्यापुढं?"

"मांजर उपाशी मारणाऱ्या बाईला दोजखची आग हाय, पोरी. मी आता पिकलं पान. वर जाऊन काय जवाब देऊ?"

"अन् पाजून मारलं तर काय जवाब देताल?"

म्हातारी रडायलाच लागली. आता ह्या भीतीशी भांडायचं तरी कसं? बिलकीसनं हात टेकले. दुधाचं भांडं तिनं शेजारच्या द्वारकाबाईकडं नेऊन ठेवलं आणि पेजेची वाटी सासूच्या मांडीवर आदळली. "घ्या, तुमीच पाजा. उपाशी ठेवलं असं कोणी म्हणायचं न्हाई."

त्या दिवसापासून म्हातारी अल्लाचं नाव घेत बोळा पिळत बसायची आणि बिलकीस तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करायची. ओकाऱ्या थांबल्या, पण पिलू आपणहून कशाला तोंड लावीना. बिलकीसचा जीव नुसता मेटाकुटीला आला.

मग एका सकाळी जहांगीरनं बोंब ठोकली, "अगं, माझी तात!"

तात तुटून लोंबत होती. खाली पिलू जिभल्या चाटत बसलं होतं.

बिलकीसला नवऱ्याच्या शिव्या ऐकूच आल्या नाहीत. खाल्लं! आपल्या दातांनी खाल्लं! तिचे डोळे भरून आले.

"पाह्यलंस?" कोपऱ्यातून मदीनाबी म्हणाली. "माझ्या दुधानंच तगलं ते."

बिलकीस ताडकन वळली. आता मात्र ऐकवतेच, म्हणून तिनं तोंड उघडलं.

म्हातारी पिलाच्या पाठीवरून हात फिरवत होती. "आता मला मरायचं भ्या न्हाई गं," ती म्हणाली.

बिलकीस चुलीवर पेज टाकायला उठली.