आई ओरडत नाही

मी कडी. घराच्या मुख्य दाराला आतल्या बाजूनं असते ती. बोलणं माझ्या स्वभावात नाही. दातखीळ बसल्यासारखं गच्च धरून ठेवायचं, एवढंच मला येतं. पण आमच्या घरात जे झालं ते कुणाला तरी सांगितलं नाही, तर मी आतून गंजेन.

कारखान्यात लोखंड कापून, ठोकून, घासून मला घडवलं. स्क्रूंसकट पिशवीत बंद केलं आणि दुकानात खिळ्याला टांगलं. तिथून एका तरुण आईनं मला उचललं. तिचं बिऱ्हाड परदेशी निघालं होतं. तिनं मला इतक्या वेळा पुढे-मागे सरकवून पाहिलं की शेवटी दुकानदारच कंटाळला. "ताई, घ्या हो. दार तुटेल, ही तुटायची नाही."

ते वाक्य तिला फार आवडलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला तेच ऐकवलं.

"अगं, तिकडे दारांना कड्या नसतात का?" तो म्हणाला.

"असतील. पण त्या कशा उघडायच्या हे तिकडच्या चोरांना माहीत असणार ना."

त्यानं बॅग उघडून पुढे केली. लेकीच्या लोकरी टोपीत गुंडाळून मी बॅगेत गेले.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेर लांब बोळ, दोन्हीकडे एकसारखी बंद दारं, आणि कुणी चाललं की आपोआप लागणारा दिवा. दाराला मूळचं कुलूप चांगलं होतं, पण आईला ते पुरेना. नवरा सकाळी कामावर जाई तो अंधार पडल्यावर परते. दिवसभर ती आणि चार वर्षांची लेक. लेकीला घरात खारू म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

आई तिकडची भाषा शिकून आली होती. पण ती पुस्तकातली. लोक बोलायचे ती वेगळीच निघाली. त्यामुळे बोळात दोघं बोलत उभे राहिले तरी तिला वाटे, काहीतरी शिजतंय. समोरच्या दारात एक धिप्पाड माणूस राहायचा. कानांवर ओढलेली टोपी, हातात कायम पिशवी. त्याचं नाव तिनं टोपीवाला ठेवलं होतं. "पिशवीत काय असतं देव जाणे," ती फोनवर बहिणीला सांगायची. बहीण मायदेशातून बातम्या पाठवायची आणि आई त्या मोठ्यानं वाचायची. अमक्या शहरात घरफोडी. तमक्या ठिकाणी आईचा आवाज काढून मुलांना दार उघडायला लावलं. प्रत्येक बातमीखाली लिहिलेलं असे, "तुला घाबरवायला पाठवत नाहीये हं."

कपडे धुवायचं मशीन तळघरात, सगळ्या इमारतीला मिळून एक. खारूला तिकडे न्यायचं तर तळघराची भीती, वर ठेवायचं तर घराची. मग आईनं तोड काढली. खारूचा हात पोचेल अशा बेतानं मला बसवायचं.

"एवढी खाली?" भोकं पाडता पाडता नवऱ्यानं विचारलं.

"मी तळघरात गेले की ती आतून लावेल."

"आणि उघडलीच नाही तर?"

"तू ना, चांगलं काही बोलूच नकोस."

मग शिकवणी सुरू झाली. "मी बाहेर गेले की कडी लावायची. परत आले की काढायची. पण आधी आवाज नीट ऐकायचा. आई ओरडत नाही, घाबरत नाही. कुणी ओरडून दार उघड म्हणालं, तर ती आई नाही."

"मग कोण?"

"चोर."

हे सांगताना आईचाच आवाज कापत होता. तो तिच्याही कानावर पडला असावा, कारण ती घाईघाईनं हसली आणि म्हणाली, "बघ, आई किती शूर आहे."

काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. खारूची बोटं मऊ, कधी रंगानं माखलेली. तिला मला सरकवायला दोन्ही हात लागत. एवढीशी पोर आपल्या भरवशावर आहे याचा मला अभिमान वाटायचा. माझी अक्कल ती किती असणार?

त्या दुपारी आई बटाटे उकडायला ठेवून धुतलेले कपडे आणायला खाली गेली. "आलेच," म्हणाली. खारूनं मला लावलं आणि सोफ्यावर चित्र रंगवत बसली.

आई आली नाही. तळघरात टोपीवाला मशीनमधून आपले धुतलेले कपडे काढत होता. त्याच्याबरोबर एकटीनं आत थांबायला नको, म्हणून ती जिन्यामागे उभी राहून तो जायची वाट बघत होती. हे तिनं नंतर नवऱ्याला सांगितलं, तेव्हा मला कळलं. त्या वेळी मला फक्त समोरचं स्वयंपाकघर दिसत होतं. भांड्यातलं पाणी आटलं. बटाटे करपले. मग शेगडीच्या कडेला ठेवलेल्या फडक्याचं टोक लाल झालं.

कुलपात किल्ली फिरली. दार हललं नाही. मी होते ना.

"खारू, उघड." मग तिला वास आला असावा. ती दोन्ही हातांनी दार बडवू लागली. "खारू, दार उघड. धूर येतोय. उघड लवकर, उघड गं बाई."

खारू धावत आली. तिनं माझ्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

"तू माझी आई नाहीयेस," ती म्हणाली. "माझी आई ओरडत नाही."

मग आई जी ओरडत सुटली, तो आवाज खरंच तिचा वाटत नव्हता. मीही ओळखला नसता. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. जड पावलं आली, अनोळखी शब्द आले आणि दारावर खांद्याचा धक्का बसला.

माझी जात काय असते ते इथं सांगायलाच हवं. दार ढकललं की कडी अडकते. जितका जोर, तितकी ती घट्ट. बाहेरून धक्के बसत होते तोवर खारूनं मनात आणलं असतं, तरी मी तिच्या बोटांना हलले नसते. आणि प्रत्येक धक्क्याला ती "चोर, चोर" करत मागे सरकत होती. मागे स्वयंपाकघर होतं. ती खोकू लागली. मला सुटायचं होतं हो. पण धरणं शिकवलेल्या वस्तूला सोडणं कोण शिकवतं?

लेकीचं खोकणं बाहेर पोचलं असावं. आईनं त्या माणसाला मागे ओढलं. "थांबा, थांबा," ती आपल्याच भाषेत म्हणाली आणि त्याला ते समजलं. धक्के बंद झाले.

मग आईचा आवाज खालून आला. ती दाराला टेकून जमिनीवर बसली होती.

"खारू, मोजे घातलेत का?"

आत खोकला. "एकच घातलाय."

"दुसरा कुठंय?"

"सोफ्याखाली."

"असू दे. नाक कशाला पुसलंस, बाहीला ना?"

खारूनं बाहीकडे पाहिलं. धूर आता तिच्या डोक्यावर आला होता. आई रोज जशी कुरकुरते तशीच कुरकुरत होती. तो स्वर काढायला तिला काय कष्ट पडत असतील, ते दाराला कळत होतं. तिची पाठ इतकी थरथरत होती की माझे स्क्रू वाजत होते.

"आई, तूच आहेस?"

"मीच. ये, काढ कडी. हळूहळू."

दोन हात माझ्यावर आले. मी सरकले. आयुष्यात इतक्या घाईनं मी कधी सरकले नव्हते.

आईनं लेकीला उचललं. टोपीवाला आत धावला, जळतं फडकं चिमट्यात धरून बेसिनमध्ये टाकलं, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. जाताना खारूला काहीतरी म्हणाला. काय, ते कुणालाच कळलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि करपलेलं भांडं घासायला घेतलं. "मी म्हटलं होतं" असं काही म्हणाला नाही. आईला तेच जास्त लागलं.

पण गोष्ट तिथं संपली नाही. खारू आता कुणी न सांगता मला लावते. जेवताना उठून बघून येते. परवा आई अंघोळ करून बाहेर आली, तर ही दारापाशी उभी. "आधी बोल," म्हणाली. आई बोलली. "अजून बोल." ओल्या केसांनी उभं राहून आई घरातल्या घरात आपण कोण ते पटवून देत होती.

आज तिनं स्क्रू-ड्रायव्हर आणलाय. एक स्क्रू काढते. बोळात पाऊल वाजतं. तो परत बसवते. सकाळपासून हेच चाललंय. आई, तुला सांगते, काढ मला. बाहेरचा चोर अजून एकदाही आला नाही. आत काय शिरलंय ते मी रोज बघते, आणि त्याला मी अडवू शकत नाही. दाराला कुलूप आहे, तेवढं पुरे म्हण.

आता तिनं दोन स्क्रू काढलेत. मी एका बाजूला लोंबतेय. बोळातला दिवा लागल्याचं दाराखालच्या फटीतून दिसतंय. पावलं जवळ येताहेत. खारू रंग टाकून उठली.

"आई, कोण आलं?"

आईचा हात माझ्यावर थबकला.

"कुणीतरी असेल गं. आपल्या घरी जात असेल," ती म्हणाली आणि तिसरा स्क्रू फिरवू लागली.