वीस खुर्दाद

मी शाळेचा तख्ता बोलतोय. आता शाळा मला आपला म्हणत नाही, पण माझी सवय सुटत नाही. सेनगावजवळच्या एका खेड्यात शाळेच्या ओसरीवर मी बारा वर्षं टांगलेला होतो. उकंडराव सुताराने मला सागाच्या फळ्या जोडून घडवलं. सालभराच्या सुट्ट्या नि परीक्षा माझ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिल्या गेल्या.

महिने निजामाचे, फसली, सूर्याच्या चालीने जाणारे: आझूर, दै, बहमन. सुट्टी शुक्रवारची. गाव मात्र पंचांगाच्या तिथीने चालायचं. म्हणून जो तो माझ्यापुढे उभा राहून तातेराव मास्तरांना विचारी, "मास्तर, हे म्हंजे आपलं कवा?" मास्तर सांगत. सांगताना मान अशी ताठ, जणू चंद्रसूर्य त्यांनाच विचारून उगवतात.

तांड्यावरचा थावराही असाच एका होळीनंतर आला. तो दर उन्हाळ्यात गाडीबैल घेऊन दूरच्या रानात लाकडं ओढायला जाई. सोबत त्याचा मुलगा धर्मसिंग. चौथीत बसलेलं तांड्यातलं हे पहिलंच पोरगं. पास झाला तर हिंगोलीच्या मोठ्या शाळेत वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळणार होता. तोही त्याच साली, कारण पुढच्या साली वय उलटत होतं.

"मास्तर, पोराला संग घेऊन चाललो. परीक्षा कवा हाय?"

माझ्यावर वीस खुर्दाद लिहिलं होतं. मास्तरांनी वर बघितलंही नाही. "आखजीला. आदल्या दिवशी आणून सोड."

मागच्या साली वीस खुर्दाद अक्षय्य तृतीयेलाच आली होती, हे खरं. पण यंदा चैत्र अधिक होता. सगळे सण लांबले होते, माझी वीस खुर्दाद जागची हलली नव्हती. पंचांग मास्तरांच्या घरी खुंटीला होतं. उघडायचा कंटाळा केला, दुसरं काय!

परीक्षा चैत्री पौर्णिमेच्या तोंडावर झाली. धर्मसिंगच्या नावापुढे 'गैरहाजर' पडलं.

थावरा गावोगाव तिथी विचारत अक्षय्य तृतीयेच्या बरोबर आदल्या दिवशी हजर झाला. पोराच्या अंगात धुतलेला सदरा होता. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, बोटांवर महिने मोजले, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता सांगतील.

"काहून इतका उशीर केला रे?" मास्तर ओरडले. "तीन हप्ते झाले परीक्षा होऊन! तुमा तांडेवाल्यांचं असंच!"

थावराने त्यांचे पाय धरले. "आमीच चुकलो, मास्तर. अडाणी माणसं आमी." मास्तरांनी पाय धरू दिले. त्या दिवसापासून मला त्या माणसाची किळस आली.

धर्मसिंग बैलांमागे गेला तो कायमचाच.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. शाळेत छापील कॅलेंडर आलं, सुट्टी रविवारची झाली, मला उतरवलं. मास्तरांनी मला थावराला देऊन टाकलं. "ने, गोठ्याला कामी येईल." थावरा अजून सांगतो, मास्तर म्हणजे देवमाणूस.

आता मी तांड्यावर गव्हाणीला आडवा ठोकलेला आहे. बैल अंग घासतात, रंग उडतो, पण वीस खुर्दाद अजून वाचता येतं. धर्मसिंग रोज वैरण टाकतो आणि तिकडे बघत नाही.

काल थावराने आपल्या धाकट्या लेकराला, रूपाला, शाळेत नेण्यासाठी गाडी जुंपली. परीक्षेला अजून आठ दिवस आहेत.

"बा, आतापासून काहून?" धर्मसिंगने विचारलं.

"बसंल ओसरीवर. तुझ्या टायमाला माझ्यानं उशीर झाला, लेकरा."

तारखा सांगणाऱ्यांनो, सांगण्याआधी एकदा पंचांग उघडा. आणि चुकलात तर तेवढं तोंडाने म्हणा. मला तोंड असतं तर मी एवढंच म्हटलं असतं: थावरा, तू वेळेवर आला होतास.