मी तर सरळच उडत होतो

धाकटीच्या आईनं एकदा देवापुढं हात जोडून नेम केला होता : ‘मी कुणावर वहीम घेणार नाही. मनात आलाच, तर त्या दिवशीचा चहा सोडीन.’ हा नेम तिला सर्वांत जड गेला तो माझ्यापायी. मी म्हणजे तिच्या घरी मुक्कामाला आलेला ड्रोन. चार हात, चार पंखे, पोटाला बॅटरी. तोंड नाही, म्हणून आजवर गप्प होतो.

माझा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेत झाला. दोघी चुलत बहिणींनी मला जोडलं. धाकटी मला उडवते, थोरली माझा प्रोग्रॅम लिहिते. कड्यांमधून न धडकता पार व्हायची शाळा-शाळांमधली स्पर्धा होती, आणि दोघींचं तेव्हा अगदी गूळपीठ होतं.

मग परीक्षेसाठी प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि मी धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहायला आलो. तेव्हापासून उडालो की डावीकडे सरकायला लागलो.

“तुझाच अंगठा डावीकडे जातो,” थोरली म्हणाली.

“आणि काल प्रोग्रॅममध्ये कोणी हात घातला? तुलाच उडवायचं होतं ना पहिल्यापासून!”

“हो तर! तुला पाडण्याशिवाय दुसरा उद्योगच नाही मला!”

सरांनी निर्वाणीचं सांगितलं, “शनिवारी हा सरळ उडाला नाही, तर रिमोट दुसऱ्या कुणाकडे देईन.” धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

त्यानंतर घराची हवाच बदलली. थोरली कुणी जवळ आलं की लॅपटॉप मिटायची. धाकटी माझी बॅटरी उशाशी घेऊन झोपायची. खोटं कशाला बोलू, मलाही संशयानं ग्रासलं. कुणाचा हात माझ्यावर जरा जास्त रेंगाळला की मी मनातल्या मनात माझे स्क्रू मोजायचो. मला तर मी सरळच वाटत होतो. मग भिंत का अंगावर येत होती?

“काकू, आज चहा नाही?” थोरलीनं विचारलं.

“नाही गं. सकाळी मनात आलं, तूच काहीतरी केलं असशील.”

थोरली गोरीमोरी झाली. “आणि कालही नव्हता घेतला!”

“काल माझ्या लेकीवर वहीम आला होता. मिटवा बायांनो लवकर, डोकं ठणकतंय माझं.”

शुक्रवारी संध्याकाळी थोरली मला रोजच्यासारखी त्याच टेबलावर धडा द्यायला बसली. उडण्याआधी मला एका जागी ठेवून ‘हीच सपाट जागा’ असं शिकवावं लागतं. मी गुणी, शिकवाल ते खरं धरतो. धाकटी दाराआडून पाळत ठेवून होती. थोरलीनं माझा एक स्क्रू काढून टेबलावर ठेवला. तो घरंगळत डावीकडे गेला आणि खाली पडून थेट दाराशी पोचला.

धाकटी झडप घालून आत आली. “काय लपवत होतीस?”

“स्क्रू पडलाय, लपवतेय कसली! ठेव तिथं.”

तिनं ठेवला. तो पुन्हा घरंगळला. थोरलीनं ठेवून पाहिला, तरी तेच. मग दोघी एकदमच ओरडल्या,

“अगं… टेबल!”

टेबलच डावीकडे कललेलं होतं, आणि मी त्या कलण्यालाच सरळ समजून इमानेइतबारे उडत होतो! मग दोघींनी पाण्याचा पेला ठेवून ठेवून सपाट फरशी शोधली आणि मला नव्यानं शिकवलं. शनिवारी सरांपुढं मी सुतासारखा सरळ गेलो. रिमोट धाकटीकडेच राहिला.

स्पर्धेत मात्र शेवटच्या कड्याला लागून माझा एक हात मोडला आणि मी कोसळलो. बक्षीस हुकलं. धाकटी मान खाली घालून उभी. थोरली धावत आली, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा सुरू!

तिनं मला उचललं, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “वारा आला का गं एकदम?”

आता मी फळीवर पडून आहे, नव्या हाताची वाट पाहत. दोघी खाली बसून माझा पुढचा प्रोग्रॅम लिहिताहेत, भांडत-हसत. माझं एवढंच मागणं : आपल्या माणसाबद्दल मनात काही आलं, तर तोंड उघडण्याआधी तुम्हीही एक चहा सोडून पाहा.