चौथा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. दोन खणांचा आणि एका कडीचा. माझ्या झाकणावर ‘मयुरा बाबाराव’ असे नाव कोरलेले आहे. तिच्या वडिलांना वाटे, मी तिचा दुसरा डबा. खरे तर मी चौथा. हे फक्त तिला, तिच्या आईला आणि मला ठाऊक होते.

नागपूरच्या महाल भागात भांड्यांच्या एका दुकानात मी नवाकोरा, चकचकीत बसलो होतो. एक दिवस खापरखेड्याहून बसने मयुराची आई रुख्मिणीबाई आली. तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. आधीच्या डब्यावरचे नाव तिने पेन्सिल घासून त्या कागदावर उतरवून ठेवले होते. डबा हरवणारच हे तिने आधीच ओळखले होते. आई होती ती.

“अस्संच कोरा, भाऊ. ‘रा’चा काना थोडा वाकडा हाय, तसाच वाकडा काढा.”

“बाई, सरळ कोरायले लोकं येतात, तुम्ही वाकडं कोरून मांगून राहिल्या!” दुकानदार हसला. रुख्मिणीबाई हसली नाही.

पाचवीत असताना मयुराचा पहिला डबा हरवला, तेव्हा वीजकेंद्रात नोकरीला असलेल्या बाबारावांनी कमरेचा पट्टा काढला होता. दुसरा डबा आणला तेव्हा बजावले, “हा हरवला तर पाहा.” तो हरवला. मग तिसराही. पण बाबारावांना काही कळले नाही, कारण दर वेळी रुख्मिणीबाई गुपचूप महालात जाऊन तसाच डबा, तसेच नाव घेऊन येई. डब्याला थोडे पोचेही पाडी, नवा वाटू नये म्हणून. मलाही तिने ओट्यावर दोनदा आपटले. मला लागले, पण तिचा राग आला नाही.

मयुरा मुद्दाम काही करत नसे. घास तोंडात असताना तिला खिडकीबाहेर वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर दिसे आणि ती धुरामागे निघून जाई. मी बाकाखाली राही, नळावर राही. माझ्यावरचे नाव वाचून कोणी ना कोणी मला घरी पोचवी, म्हणून मी टिकलो. ती बारावीत असताना रुख्मिणीबाई गेली. त्यानंतर तिच्या चुकांवर पांघरूण घालणारे कोणी उरले नाही.

आता मयुरा तेहतीस वर्षांची आहे. हिंगण्याच्या एका कंपनीत कामाला जाते. कंपनीच्या बसमध्ये मी आठवड्यातून दोनदा तरी मागे राहतो.

“मॅडम, तुमचा डबा माह्यापेक्षा जास्त ड्युटी करते,” ड्रायव्हर प्रीतम मला परत देताना म्हणे.

“मंग पगारही त्यालेच द्या,” ती म्हणे. सगळी बस हसे. नंतर बाथरूममध्ये मला धुताना ती नळ मोठा सोडून रडे.

मागच्या थंडीत तिची लेक रितिका तापली. मयुराने औषध पाजले. तासाभराने आपण पाजले की नाही हे तिला आठवेना, म्हणून पुन्हा पाजले. ओट्यावर दोन ओले चमचे पाहिले तेव्हा तिला कळले, औषध दोनदा गेले. देवाच्या दयेने पोरीला काही झाले नाही. पण दुसऱ्या दिवशी लेकीला जवळ घेऊन मयुरा म्हणाली, “माझ्याजवळ तू सुरक्षित नाहीस गं, सोन्या.” मित्रांनो, एवढे दुःखाचे वाक्य मी कधी ऐकले नव्हते.

ती मनाच्या डॉक्टरकडे गेली. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, “हा आळस नसावा. एडीएचडी असू शकतं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास. मोठ्या माणसांतही असतं आणि त्यावर उपचार आहेत. पण ते लहानपणापासूनच असतं. तेव्हा तुम्ही कशा होतात, हे सांगणारं कोणी आहे का?”

होते फक्त बाबाराव. “आमच्या खानदानात कोणी पागल नाही,” म्हणत महिनाभर ते टाळत राहिले. शेवटी नातीसाठी आले. मी मयुराच्या मांडीवरच्या पिशवीत होतो.

डॉक्टरांनी कागद पुढे घेतला. “काका, लहानपणी मयुरा वस्तू हरवायची का?”

“एकदा हरवला डबा. मी पट्टा दाखवला. तवापासून एकही वस्तू नाही हरवली,” बाबाराव छाती फुगवून म्हणाले. “पाचवीपासून तोच डबा वापरून राहिली. धाक पायजे, डॉक्टरीणबाई.”

डॉक्टरांचा पेन ‘नाही’च्या रकान्याकडे वळला. मित्रांनो, तेव्हा मला तोंड हवे होते. एका चांगल्या आईच्या मायेने तिच्याच लेकीचा पुरावा पुसून टाकला होता. मयुरा गप्प राहिली असती तर आईचे गुपित राहिले असते, पण तिला स्वतःला मदत मिळाली नसती.

तिने मला बाहेर काढून टेबलावर ठेवले.

“बाबा, हा चौथा हाय.”

“काय चौथा?”

“डबा. मी हरवत गेली, आई आणत गेली. महालातून. तुम्हाले दिसू नये म्हणून.”

बाबारावांनी मला हातात घेतले. अंगठा नावावरून कितीदा तरी फिरवला.

“मले काहून नाही सांगितलं तिनं?” त्यांनी विचारले. मग उत्तर त्यांना स्वतःलाच सापडले असावे, कारण त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, “लिहा, बाई. हरवत होती. अन् मी पट्ट्यानं मारलं, तेही लिहा.”

आता मयुराचे उपचार चालू आहेत. रितिकाला औषध दिल्याबरोबर ती कॅलेंडरवर खूण करते. मी अजूनही कधीमधी बसमध्ये राहतो, पण तिचे नळ सोडून रडणे कमी झाले आहे.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना ऑटोत बाबाराव रस्त्याकडे पाहत म्हणाले, “तू लय भेत होती का वं मले?”

“हो, बाबा.”

त्यांनी तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी विसरणारे, हरवणारे असेल. वस्तू काय, बाजारात पुन्हा मिळते. त्या माणसाला आधी जवळ घ्या. लेक तेहतीस वर्षांची झाल्यावर बाबारावांनी विचारलेला प्रश्न तुम्ही मूल पाचवीत असतानाच विचारा.