रिठ्याच्या पाण्यातली बदकं

अण्णांनी ते यंत्र रिठ्याच्या पाण्यात बुडवलं.

असं काही घडलं नाही. वाचकांनी वरचं वाक्य विसरावं आणि आकाशाकडे पाहावं.

आकाश त्या वेळी रसरसलेल्या मुशीसारखं होतं. माघातली संध्याकाळ. ऊस तुटून उघड्या पडलेल्या शिवारावर वितळलेलं, ताम्ररुपेरी, मंथर तेज ओघळत होतं. गुऱ्हाळाचा धूर क्षितिजाला टेकून जरा बसला होता. आणि हुपरीच्या गल्लीगल्लीतून, दारादारातून, घुंगरांचा तो बारीक, अविरत, रजतकंठी नाद पाझरत होता. चांदीचं गाव. इथे मांजर चाललं तरी पैंजण वाजल्याचा भास होतो, आणि कधीकधी तो भास नसतो.

या गावात अण्णांनी जन्मभर पैंजणं झाळली. ओठांत फुंकणी धरून, दिव्याची ज्योत वाकवून, कडीला कडी, कडीला घुंगरू सांधून, मग तापला माल रिठ्याच्या पाण्यात बुडवून. ती पैंजणं बार्शीला गेली, रायचूरला गेली, उमरग्याला गेली, अथणीला गेली. कुणाच्या पायांत वाजली, कोणत्या अंगणात वाजली, ते अण्णांना कधीच ऐकू आलं नाही.

मग अर्धांगाचा वारा आला, आणि त्यांचा उजवा हात त्यांच्याच मांडीवर ठेवून निघून गेला.

त्या हाताचा अंगठा तेवढा हलत राहिला. एकटा, हट्टी, समुद्रातल्या दीपस्तंभासारखा. डॉक्टर म्हणाले, त्याला काम द्या. तेव्हा पद्मजानं, इचलकरंजीत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, हातात मावणारं एक खेळाचं यंत्र आणून दिलं. काचेआड एक हिरवं शिवार. शिवारात एक तळं. तळ्यात बदकं पाळायची, वाढवायची, विकायची.

अण्णांनी पाळली. वाढवली. विकली नाहीत.

कारण एका बदकाचं नाव बार्शी होतं. दुसऱ्याचं रायचूर. जिथे जिथे त्यांचं पैंजण गेलं, त्या त्या गावाचं एकेक शुभ्रपंखी, डुलतगामी बदक. गावं संपेनात, बदकं संपेनात. आणि एक बकरी. तिचं नाव मालन.

"नाव दिलं त्ये दिलं," अण्णांची बायको मालन, परातीत शेजारच्या कारखान्याची पैंजणं रिठ्यानं उजळता उजळता म्हणे, "निदान अंगानं धड बकरी तरी बघायची हुती."

"चारा घालतो की. अंगाला लागत न्हाई. तुज्यावानीच."

पण शिवार दाटलं. काचेआडच्या पहाटे खुराड्याचं दार उघडलं की सारी बदकं एकदम निघत, आणि निघता निघता थिजत. एक पाय वर, चोच उघडी, सूर्य अर्धा. निश्चल, चित्रार्पित, दीनवाणी. मग खेळ नम्रपणे सुचवी: प्राणी कमी करा.

"अथणी इकू म्हंतोस?" अण्णा यंत्राला विचारत. "का उमरगा इकू?" अंगठा थांबे. तोही हाताबरोबर मांडीवर निजे.

"मेमरी वाढवते," पद्मजा म्हणाली. "जुन्या चिपा उतरवायच्या, दुप्पट मोठ्या बसवायच्या. पण सांगून ठेवते अण्णा, बिघडलं तर बदकं परत यायची नाहीत."

"मग बिघडवू नगंस," अण्णा म्हणाले. हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता.

तर ती संध्याकाळ. पंखा बंद. खिडकी बंद. झाळ चालू असताना घरात कुणी बोलत नाही, कुणी दारातून जात नाही, हा या गावचा शिरस्ता. मालननं परात बाजूला सारली आणि देवासमोर बसावं तशी बसली. पद्मजानं यंत्र उघडून बॅटरी सोडवली, आतली हिरवी पाटी बाहेर काढली, गरम हवेची बंदूक उचलली. काळ्या चिपा उतरल्या. त्यांच्याखाली कथलाचे कण उमटले, रव्याएवढे, दवाएवढे, चांदण्याएवढे. चिमट्यानं नवी चिप ठेवली. कण वितळले, लकाकले, चिप किंचित हलली आणि स्वतःहून आपल्या जागी निजली, पाळण्यातल्या बाळासारखी. पुन्हा एक. पुन्हा एक. शेजारी अण्णांचे ओठ मिटून पुढे आले होते. नसलेल्या फुंकणीतून ते नसलेली ज्योत वाकवत होते.

शेवटची चिप बसली. पद्मजानं बंदूक ठेवली, मान मागे टाकून डोळे मिटले.

आणि जे घडलं नाही, ते इथे घडलं नाही.

मांडीवरचा उजवा हात उठला. अंगठा नव्हे, हात. वर्षभर पाण्याचा पेला न उचललेला तो हात, विजेसारखा, तरुणासारखा, कारागिरासारखा. त्यानं चिमटा घेतला. चिमट्यानं ती हिरवी पाटी उचलली. आणि झाळलेला माल जन्मभर जसा बुडवला, तशी नेमक्या झोकात परातीतल्या रिठ्याच्या पाण्यात बुडवली.

चुर्रर्र.

बार्शी, रायचूर, उमरगा, अथणी. फेसाखाली.

अण्णांनी हाताकडे पाहिलं. मग परातीकडे. मग त्यांचा चेहरा हळूहळू कोसळू लागला.

"बुडवली म्यां," ते म्हणाले. "पोरी, म्यां माज्या हातानं बुडवली."

पद्मजानं पाटी बाहेर काढली, झटकली, पदराला टिपली. तिचे डोळे पाटीवर नव्हतेच, अण्णांच्या हातावर होते. "काय बुडवलं? कुणी?" ती म्हणाली. "काही झालंच नाही अण्णा. आई, तू बघितलंस काही?"

"बघितलं न्हाई म्हंते," मालन म्हणाली. "पण मग हात? त्यो बी उठला न्हाई म्हनायचं?"

पद्मजानं पुन्हा मांडीवर निजलेला तो हात धरून पाहिला. गल्लीतले घुंगरू क्षणभर थांबले.

पाटी स्वच्छ पाण्यानं धुतली, स्पिरिटनं पुसली. पुढे ती गच्चीवर पैंजणांच्या ओळीत वाळत पडली. ऊन तिच्यावरून गेलं, वारा गेला, एक कावळा पाहून गेला. पुरती कोरडी झाल्यावर पद्मजानं ती यंत्रात बसवून बॅटरी जोडली.

काच उजळली. शिवार हिरवं झालं. अंगठ्यानं खुराड्याचं दार उघडलं, आणि निघाली. थिजली नाहीत, अडली नाहीत. बार्शीमागे रायचूर, रायचूरमागे उमरगा, शुभ्र, डुलती, पाणीदार रांग, अख्खा सूर्य डोक्यावर घेऊन तळ्याकडे. मागून मालन. बारीकच.

अण्णा हसले. डावा हात अंगठ्याच्या मदतीला गेला. उजवा मांडीवर होता. तो पुन्हा उठला नाही.

सबब, माननीय सूर्यनारायण, क्षितिज कार्यालय, यांस सविनय विनंती की, माघातली सदर संध्याकाळ घडलीच नाही असे समजून दप्तरातून कमी करण्यात यावी. मात्र त्या संध्याकाळी उठलेला एक उजवा हात, चिमट्यासह, झोकासह, त्याच तेजात, त्याच जागी, कायम करण्यात यावा.