दाखल्याचे दुप्पट गुण

‘वाळूची दारं’ या सिनेमाचा तिसरा भाग यायला थोडेच दिवस उरले होते आणि आमच्या मंडळात उभी फूट पडली होती. दोरवालीने नकाशेवाल्याला माफ करावं की नाही? पहिल्या भागात तो तिला कड्यावर लटकत ठेवतो आणि नकाशा शत्रूला विकतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी जखमी होऊन तिच्याच दारात येऊन बसतो. बस्स, तिथेच पडदा! तेव्हापासून अर्धं मंडळ ‘जोडी हवी’ आणि अर्धं ‘एकटीच बरी’. मी एकटीवाल्यांची पुढारी. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानासुद्धा मी लाजायचे, आणि आता मी उठले की पोरी आधीच हसायच्या तयारीत असतात!

दर रविवारी मावशीच्या शिवणखोलीत वाद रंगायचा, कारण कापड बेतायच्या लांबलचक टेबलाभोवती आम्ही सगळ्या मावायचो. नियम मीच केलेले. जिच्या हातात मोजपट्टी, तिनेच बोलायचं. सिनेमातलं बोललं तर साधे गुण, खऱ्या आयुष्यातला दाखला दिला तर दुप्पट. हा नियम सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते.

मावशी आमच्याकडे पाठ करून मशीन चालवायची. पूर्वी त्या खोलीत दोघी असायच्या. मावशी बेतायची, शिवायची, आणि काजवाली हाताने बटणांची काजं करायची. इतकी नेटकी, की लोक कोट उलटा करून बघायचे. मग एक दिवस काजवालीने रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटलं. निम्मी गिऱ्हाइकं तिने आधीच गुपचूप वळवून ठेवली होती. मावशी त्यावर कधी अवाक्षर बोलली नाही. फक्त तिच्या कोटांना काजांऐवजी हुक लागायला लागले.

त्या आठवड्यात काजवाली येऊन गेली. “परत एकत्र बसायचं का गं?” एवढंच विचारलं तिने. मावशी म्हणाली, “रविवारी सांगते.” मग मला म्हणाली, “हे कुठे बोलू नकोस हं, बाळा.” मी मान डोलावली. अगदी मनापासून.

रविवारी मोजपट्टी आधी मुंगीकडे गेली. मुंगी म्हणजे जोडीवाल्यांची पुढारी. टेबलापेक्षा जराशीच उंच, पण चावली की सोडत नाही.

“परत यायला काय कमी धाडस लागतं?” ती म्हणाली. “पळून जाणं सोपं असतं.”

“धाडस कसलं! खायला मिळेना म्हणून आला मेला!” मी मधेच म्हटलं.

“मोजपट्टी माझ्याकडे आहे. तू तोंडाला कुलूप लाव.” सगळ्या माझ्यावर हसल्या. “दाखला देते. दादाने मला न विचारता माझी सायकल विकली. मी अबोला धरला. शेवटी माझंच तोंड दुखायला लागलं, तेव्हा बोलले. आता तो रोज मला शाळेत सोडतो. चालत!”

टाळ्या, हशा, दुप्पट गुण. मोजपट्टी माझ्याकडे आली तेव्हा माझे कान तापले होते. मला दाखला हवा होता, आणि तोही तिच्यावर वरचढ.

तेवढ्यात दारात काजवाली आली. उत्तर ऐकायला. एक चप्पल काढून ती उंबऱ्याशी थांबली. मी तिला बघितलं. नीट बघितलं, आणि तरी थांबले नाही.

“दाखला याच खोलीत आहे!” मी म्हटलं. “माझ्या मावशीची भागीदारीण. खाल्ल्या घरचे वासे मोजले, आणि मोजून झाल्यावर उपटूनही नेले! आता तिकडे जम बसेना, तर आली नाक घासत. घेईल तिला मावशी? माझी मावशी काय पायपुसणं आहे?”

काय टाळ्या पडल्या! मग मशीन थांबलं. मुंगीने दाराकडे बघितलं, आणि टाळ्या एकेक करत विझल्या.

“पोरगी बरोबर बोलतेय,” काजवाली मावशीला म्हणाली. काढलेली चप्पल तिने परत पायात सरकवली आणि ती गेली.

पोरी पांगल्या. मुंगीने जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मावशी ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मी माफी मागून येते,” मी म्हटलं.

“तुझी माफी कोण जमेस धरतंय? माझ्या घरात, माझ्या पोरीने तिला बोल लावले. मलाच जायला हवं.”

“पण मावशी, चूक तिची होती!”

“होती ना. म्हणून तर ती मान खाली घालून आली होती. मी हो म्हणणार होते की नाही, मलाच ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघून ठरवणार होते. आता ते राहिलं बाजूला. आता मान खाली घालायची पाळी माझी.”

मी तिच्यामागून रस्ता ओलांडला. पलीकडच्या दुकानात बाकावर बायका बसल्या होत्या. त्यातल्या कितीतरींची मापं मावशीला तोंडपाठ होती. मावशी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “पोरीच्या वतीने माफी मागायला आलेय.” आवाज नेहमीचाच होता. पण मागून मला तिची वाकलेली मान दिसत होती, आणि बायका टक लावून ती बघत होत्या.

काजवालीने हातातली सुई बाजूला ठेवली. “आत ये,” ती म्हणाली. दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. आतून काहीच ऐकू येईना.

“कुणाची गं तू?” बाकावरच्या एका बाईंनी विचारलं.

मावशीचं नाव ओठांवर आलं होतं. पण ते घेतलं असतं, तर ‘ती बोलणारी पोरगी हीच का’ असं त्या म्हणाल्या असत्या, आणि मावशीला बाहेर येताना तेही ऐकावं लागलं असतं. मी काहीच बोलले नाही. बंद दाराकडे बघत तशीच उभी राहिले.