धुतलेले शर्ट

धुतले. अहो, चक्क धुऊन टाकले! आणि वर ते मला दाखवताना संग्रहाच्या संचालकांचा चेहरा असा, जणू आता मी त्यांची पाठ थोपटणार.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच भडकलीय. माझे बाबा चित्रकार. गॅलरीतले नव्हेत, भिंतीवरचे. मोर्चाचे फलक, संपाची पोस्टरं, आणि त्यापायी दोनदा तुरुंगाची हवा. मीही ब्रशवरच पोट भरते, दुकानांच्या पाट्या रंगवते. कारखान्यात बॉयलर फुटून नऊ कामगार गेले तेव्हा मालकांनी 'अपघात' म्हणून हात झटकले. बाबांनी काय केलं, तर कारखान्याच्या फाटकासमोरच्या भिंतीवर ते नऊही जण रंगवले. पाळी संपवून घरी निघालेले.

बाबांचं एक होतं, अंदाजपंचे काही करायचं नाही. चेहरे फोटोंवरून काढता आले, पण फोटो सगळे काळे-पांढरे. मग हा माणूस रंगाच्या बाटल्या घेऊन एकेका घरी गेला आणि विचारलं, त्या दिवशी घरातून निघताना अंगात कुठला शर्ट होता? बायको म्हणायची, निळा. कसला निळा? बाबा तिथंच फतकल मारून रंग कालवायचे आणि हाताशी असेल त्या कागदावर बोटानं ओढून दाखवायचे. ती म्हणायची, छे, इतका नवा कुठला, विटका होता. परत कालवायचे. तिनं "हा, हाच" म्हटलं की त्या रंगाखाली पेन्सिलीनं लिहायचे: वेल्डर. हमाल. फिटर. कागद कुठलाही असायचा. भाषणाचा कच्चा मसुदा, विजेचं बिल, एकदा तर कोर्टाचं समन्स.

भिंत पुरता महिनाही टिकली नाही. पोलीस बंदोबस्तात तिला चुना फासला. पुढे बाबा गेले आणि आईनं त्यांचे सगळे कागद जुनी कागदपत्रं जपणाऱ्या एका संग्रहाला देऊन टाकले. "आपल्याकडे ऊठसूट झडती," ती म्हणाली, "तिथं कोण जातंय हात लावायला?" बिचारी!

आता कारखाना कधीचा बंद पडलाय. युनियनच्या म्हाताऱ्यांनी पालिकेत हेलपाटे घालून घालून भिंत पुन्हा रंगवायची परवानगी मिळवली आणि काम आलं माझ्याकडे. त्या नऊ बायकांपैकी एकच उरलीय, फिटरकाकू. नवरा फिटर, म्हणून सगळी वस्ती तिला तेवढ्याच नावानं ओळखते. ती मला म्हणाली, "पोरी, एक डोळा गेला माझा. दुसरा धड आहे तोवर मला त्याला त्याच्या शर्टात बघू दे." मी म्हटलं, "काकू, काळजीच सोडा. रंग संग्रहात जपून ठेवलेत." या तोंडानं म्हटलं.

आणि गेले संग्रहात. गार खोली, हातात घालायला पांढरे मोजे, करड्या रंगाचे खोके. संचालक स्वतः आले. बोलायला मऊ माणूस.

"फारच वाईट अवस्थेत होते हो," ते खोकं उघडत म्हणाले. "एक पान स्वच्छ असेल तर शपथ. जागोजागी रंगाचे डाग. आमच्या लोकांनी महिनोन्महिने खपून एकेक पान साफ केलंय. बघा, वडिलांचं अक्षर आता कसं उठून दिसतंय."

मी पान उचललं. भाषणाचा मसुदा. समासात बाबांच्या हातचा पेन्सिलीनं लिहिलेला शब्द: फिटर. आणि त्याच्या वर काहीच नाही. नुसता किंचित सुरकुतलेला कोरा कागद.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इथला रंग कुठाय?"

"तोच तर काढला. पोस्टर कलर होता, साध्या पाण्यानं निघाला."

"काढण्याआधी फोटो?"

"आहेत ना, सगळ्याचे स्कॅन आहेत," म्हणत त्यांनी मोठ्या उत्साहानं पडद्यावर दाखवले. काळे-पांढरे! अक्षर ठळक यावं म्हणून. नऊ शर्टांच्या जागी नऊ करडे ठिपके.

"अहो, चित्रकाराच्या कागदावरचा रंग तुम्हाला डाग वाटला?"

"हे पहा, चित्रं आम्ही वेगळ्या विभागात ठेवलीत. तिथं एका रेघेलाही धक्का लावलेला नाही. ही कागदपत्रं आहेत. कागदपत्रांत मजकूर जपायचा असतो, तशी पद्धतच आहे."

पद्धत! नऊ बायकांनी छातीवर दगड ठेवून आठवून आठवून सांगितलेले रंग, आणि ह्यांच्या पद्धतीत ते बसत नाहीत.

"पोलिसांनी आमचं घर दोनदा उलथंपालथं केलं," मी ओरडलेच. "हेच कागद पायाखाली तुडवले. पानापानावर बुटांचे ठसे होते. पण त्या मेल्यांनीसुद्धा रंग धुतले नव्हते!"

संचालक जरा घुटमळले. "बुटांचे ठसेही आम्ही काढलेत," ते म्हणाले.

मी हसले. खरंच हसले. नाहीतर ते खोकं मी त्यांच्या डोक्यात घातलं असतं. निघताना त्यांनी माझ्या हातात गुळगुळीत कागदावरचं आभारपत्र ठेवलं, कागद दिल्याबद्दल आमच्या कुटुंबाचं.

फिटरकाकूला सांगायला माझी जीभ उचलेना. ती दाराशी बसून एका शर्टाला बटण लावत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं.

"बाकीच्या आठ जणींचे पण?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचे."

"माझा मी सांगेन. पण त्या आठ जणींचं कुणाला विचारायचं आता?"

"पोरांना विचारलं मी, काकू. तान्ही होती तेव्हा, कुणालाच आठवत नाही. तुम्ही म्हणाल तर मी भरते अंदाजानं. निळा, खाकी, असं काहीतरी. कुणाला कळतंय?"

"खबरदार!" हातातला शर्ट तिनं खाली आपटला. "मला कळतंय ना! त्या काय अंदाजानं बोलल्या होत्या? ढसाढसा रडून सांगितलं होतं एकेकीनं. कोरे ठेव. आणि कोरे का, तेही लिही. मोठ्या अक्षरात लिही."

मग ती रोज भिंतीपाशी स्टूल टाकून बसू लागली. हिरवा, एवढंच आधी म्हणाली. मी कालवायचे, आभारपत्राच्या कोऱ्या पाठीवर बोटानं ओढायचे. "इतका गडद नको. किती धुणी झाली होती त्याची." "आता फारच मेला." "थोडा पिवळा घाल." आभारपत्र भरत आलं. मग एकदा बोट उचललं. मी वळून पाहिलं तर चांगल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"हा," ती म्हणाली. "हाच."

मी खाली पेन्सिलीनं लिहिलं, फिटर.

भिंत पुरी झाली. फाटकातून नऊ माणसं बाहेर पडताहेत. एकाच्या अंगात विटका हिरवा शर्ट, आठांच्या अंगात कोरे पांढरे. आणि खाली, आयुष्यात कुठल्या पाटीवर काढलं नाही अशा वळणदार अक्षरात लिहिलं: 'या आठ शर्टांचे रंग यांच्या बायकांनी सांगितले होते. ते धुऊन टाकले,' आणि पुढं त्या संग्रहाचं पूर्ण नाव, पत्त्यासकट.

दुसऱ्याच दिवशी गाडी येऊन थांबली. संचालक उतरले. बराच वेळ भिंत बघत राहिले. पांढऱ्या शर्टांवर त्यांची नजर फार ठरत नव्हती.

"चित्र उत्तमच झालंय," ते शेवटी म्हणाले. "फक्त खालचा तेवढा मजकूर काढता आला तर बरं. संस्थेची उगाच बदनामी होते."

फिटरकाकू स्टुलावरून उठली. माझ्या सामानातली पाण्याची बादली तिनं दोन्ही हातांनी ओढत आणली आणि त्यांच्या बुटांपाशी ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "धुवा. तुम्हाला येतं की."

त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऑइल पेंट आहे, साहेब," मी म्हटलं. "पाण्यानं निघायचा नाही."